दिवस भरण्याआधी निघालेली दाढ

मी एक जुनी दुधाची दाढ आहे, मित्रांनो. दुधाची म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. डोंगरातल्या मिदेल्त गावच्या तुदा नावाच्या पोरीच्या तोंडात, खालच्या ओळीत डावीकडे सगळ्यात मागे मी होते. पुढचे दात नुसते हसायला असतात. घास चावायचा तर तो आमच्याकडेच यावा लागतो.

मी उगवले तेव्हा तुदाला ताप भरला होता. कारण वेगळंच होतं, पण घरच्यांनी तो माझ्या नावावर टाकला. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी बोल लावावा, तसं झालं. तरी मी निमूटपणे कामाला लागले. मक्याची भाकरी, बदाम, वाळवलेलं मटण, सगळं दळून दिलं. पोर आता हाडाचं मांस स्वतः सोडवून खाते, असं तिची आई रुकिया एकदा शेजारणीला कौतुकाने म्हणाली. तेवढीच काय ती माझी वाहवा.

झोपताना तुदाच्या तोंडात पुदिन्याच्या गोड चहाची बाटली असायची. ती झोपायची आणि साखर माझ्या अंगावर बसून राहायची. दात घासून द्यावेत असं कोणाच्या मनातही आलं नाही. मला आधी डाग पडला, मग खळगा. तुदाची आजी इत्तो म्हणाली, आत किडा शिरलाय. तिने धुरी दिली, लवंग दाबली. मित्रांनो, माझ्यात किडाबिडा काही नव्हता. साखर होती आणि हेळसांड होती.

तुदाला सहावं लागलं आणि तिचा गाल सुजला. गच्चीवर रुकियाची सासू इत्तो लोकर पिंजत बसली होती. रुकियाने भीतभीत विषय काढला, की दवाखान्यात दाढ साफ करून भरून देतात म्हणे.

इत्तोने मानही वर केली नाही. "जाणाऱ्या पाहुण्याला नवी गादी शिवतेस का गं?"

"पण सासूबाई, ती दाढ अजून चार-पाच वर्षं राहायला हवी म्हणतात."

"म्हणणाऱ्यांनी किती पोरं वाढवली? माझ्या एकाही पोराच्या दुधाच्या दाताला औषध लागलं नाही. सगळे अक्रोड फोडतात."

झालं. दुसऱ्याच दिवशी आजीने पोरीला आठवडी बाजारात, दात काढणाऱ्याकडे नेलं. त्याने मला पकडीत धरून हलवलं. माझ्या मुळांखाली माझ्या मागून येणारी दाढ निजलेली होती, अजून अर्धीच घडलेली. तिची जागा राखणं हेच माझं खरं काम. ते कोणाला ठाऊकच नव्हतं. मला ओरडता येत नाही. ओरडली ती तुदा.

घरी येऊन तिने रिवाजाप्रमाणे गच्चीवरून मला सूर्याकडे भिरकावलं. गाढवाचा दात घे आणि हरणाचा दे, असं त्याला सांगायचं असतं. मी काही गाढवाची नव्हते, पण ते असो. सूर्यापर्यंत मी पोहोचले नाही. कठड्याच्या भेगेत पडले, ती आजवर तिथेच आहे.

पुढचे दात पडले, थोड्याच दिवसांत नवे आले. माझ्या जागी मात्र काही येईना. तुदा आरशाचा तुकडा घेऊन गच्चीवर यायची आणि तोंड वासून बघायची. चुलत भावंडं म्हणायची, सूर्य रुसलाय हिच्यावर. एकदा आजीने विचारलं, "फेकल्यावर मागे वळून पाहिलं होतंस का?"

तुदा म्हणाली, "एकदाच."

"मग कुठून येणार?"

त्या दिवसापासून पोर स्वतःलाच गुन्हेगार समजू लागली. कठड्याशी उभी राहून सूर्याची माफी मागायची. मी तिच्यापासून वीतभर अंतरावर होते. काय सांगणार, आणि कसं?

अशी वर्षं गेली. मग तुदाचा जबडा ठणकू लागला. या खेपेस रुकियाने सासूला विचारलं नाही. ती पोरीला सरळ दवाखान्यात घेऊन गेली आणि परत आल्यावर गच्चीवर येऊन सगळं सांगितलं. नवी दाढ हाडातच आडवी अडकली आहे. तिची राखणदार वेळेआधी काढली, म्हणून माझ्यानंतर मागे उगवलेली मोठी दाढ पुढे सरकून त्या जागेवर कलली. आता वाट मोकळी करायची तर मोठ्या शहरात खेटे घालावे लागतील, आणि तरीही खात्री नाही.

मला वाटलं, आता इत्तो सुनेवर गरजणार. पण तिचे हात लोकरीतच थांबले.

"तुदा, इकडे ये. आ कर."

तिने पोरीच्या तोंडात बोट घालून ती कललेली दाढ चाचपली. पुन्हा चाचपली. मग बोट पदराला पुसत म्हणाली, "तू नीट फेकली होतीस, बाळ. मागे पाहिल्याने काही होत नसतं. तुला बाजारात मी नेलं."

तुदाने विचारलं, "मग आता येईल, आजी?"

  इत्तोने पोरीचं डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि केसांतून नुसता हात फिरवत राहिली.

मित्रांनो, आम्ही पडणारच आहोत, ते खरं. पण आम्हाला आमच्या वेळेने पडू द्या. झोपण्याआधी गोडाची बाटली तोंडातून काढा, आम्हाला घासा, आणि दुखलं तर लगेच घरात सांगा. कोणी म्हणालं, दुधाचाच तर दात, तर त्या माणसाला विचारा, मग याची जागा कोण धरून ठेवणार?