सात गुण

सिस्टरने एकोणीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात उभ्याने काढली. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा तिला तळमजल्यावर, लसीकरणाच्या खोलीला लागून, बसून करायचं काम मिळालं. सहा आठवड्यांच्या बाळाला लस द्यायला आई आली, की तिला दहा प्रश्न विचारायचे. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, झोप लागली का, विनाकारण धडकी भरली का. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज बाराच्या वर गेली, तर बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा संशय.

ही प्रश्नावली दुसऱ्या भाषेतून आणलेली होती. इथल्या आयांचं दुखणं तिला ओळखता येतं का, हेच मुळात तपासायचं होतं. म्हणून गुण कितीही येवोत, प्रत्येक आईला आठवड्याच्या आत मानसोपचाराच्या मॅडम भेटत, तासभर बोलत आणि आजार आहे की नाही ते ठरवत. गुण त्यांना सांगायचे नसत. दोनशे आया झाल्या की दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहायचे होते. एकच अपवाद होता. जीव नकोसा होण्याबद्दलच्या दहाव्या प्रश्नाला एक जरी गुण मिळाला, तरी बाईला त्याच दिवशी वर मॅडमकडे न्यायचं.

आणि एक नियम: प्रश्न विचारताना खोलीत आईशिवाय कोणी नको.

एकशे त्रेचाळिसावी आई मंगळवारी आली. ती शिवणकाम करायची. बाळाच्या अंगावरचं झबलं, टोपडं, दुपटं, सगळं तिनेच शिवलेलं होतं, टाके असे की उलट बाजूही सुलट वाटावी. सोबत सासू होती, गोल चेहऱ्याची, बोलघेवडी. बाहेर तीसेक पोरं एका सुरात रडत होती आणि बसायला बाक नव्हता.

"मी इथंच बसते कोपऱ्यात," सासू म्हणाली. "बाहेर या पोराचा भुगा होईल. मी आपली मुकी."

सिस्टरने बाहेरच्या गर्दीकडे पाहिलं. "बसा," ती म्हणाली.

सासू मुकी राहिली नाही. झोपेचा प्रश्न आला तेव्हा तीच म्हणाली, "झोप कुठली, हा राजा झोपू देईल तर ना. पण तक्रार नाही हो तिची. गुणी आहे."

सून हसली. सिस्टरने पुढचा प्रश्न वाचला. "इतकं वाईट वाटतं का, की रडू येतं?"

"नाही."

"कधीच नाही?"

"रडू येतच नाही," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "यायला पाहिजे का?"

"अगं, रडायचं काय त्यात?" सासू म्हणाली. "सोन्यासारखं लेकरू आहे."

प्रश्नाचे शब्द बदलायचे नाहीत, पदरचं काही विचारायचं नाही, असं सिस्टरला बजावलेलं होतं. तिने शून्यावर खूण केली. दहावा प्रश्न वाचताना तिने आवाज खाली आणला. सुनेने बाळाकडे पाहिलं, मग सासूकडे, आणि म्हणाली, "छे."

बेरीज सात आली. मॅडमची वेळ पुढच्या सोमवारची मिळाली. जाताना सुनेने खुर्ची परत टेबलाखाली नीट सरकवून ठेवली. सिस्टरच्या मनात काहीतरी खुपलं, पण पुढची आई आत आली होती.

सोमवारी ती आली नाही. सिस्टरने नवऱ्याचा फोन लावला. तो म्हणाला, "काल दुपारी गेली ती. गच्चीवरून. बाळाला पाजलं, झोपवलं, माझ्या आईच्या खोलीत नेऊन ठेवलं आणि वर गेली."

सिस्टरने फोन ठेवला आणि उरलेल्या नऊ आयांना प्रश्न विचारले. काम थांबवलं असतं तर काय करायचं, ते तिला सुचलं नसतं.

संध्याकाळी ती मॅडमकडे गेली. मॅडमनी फॉर्म पाहिला, चष्मा काढला.

"मुलाखत झालेली नाही. तुलनेला काही नाही, म्हणजे हा फॉर्म हिशेबात धरता येणार नाही," त्या म्हणाल्या. "नियमच तसा आहे."

"मग कागदावर ती आलीच नव्हती."

"आली होती. अपूर्ण म्हणून नोंद राहील."

"मॅडम, तिची सासू खोलीत होती. मी बसू दिलं."

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आणखी किती वेळा?"

सिस्टरने खोटं बोलायचं ठरवलं असतं तर कोणाला कळलं नसतं. "अकरा," ती म्हणाली. "कधी सासू, कधी आई, एकदा नवरा. गर्दी असली की."

"लिहून दे. तारखेसकट. तुझ्यावर कारवाई होईल, हे माहीत आहे ना?"

"हो."

त्या अकरा जणींच्या मुलाखती तोवर झाल्या होत्या की नाही, ते मॅडमनी लगेच तपासलं. आठ झाल्या होत्या. उरलेल्या तिघींना दुसऱ्या दिवशी गाडी पाठवून आणलं आणि एकेकटीला बसवलं. एकीने दहाव्या प्रश्नाला होकाराची मान हलवली. तिला दाखल केलं. तिचे पहिले गुण होते पाच.

सिस्टरला लेखी ताकीद मिळाली. मॅडमनी अहवालात घरच्यांसमोर भरलेल्या या फॉर्मबद्दल एक परिच्छेद घातला, आणि दाराबाहेर दोन बाक आले.

महिन्याभराने ती सासू बाळाला पुढच्या लशीसाठी घेऊन आली. लस झाल्यावर ती सिस्टरच्या दारात उभी राहिली. चेहऱ्याची गोलाई उतरली होती.

"मी त्या दिवशी बाहेर थांबले असते," ती म्हणाली, "तर बोलली असती का ती तुमच्याशी?"

"माहीत नाही," सिस्टर म्हणाली. "पण तुम्हाला बाहेर थांबवायचं काम माझं होतं."

"मला वाटलं, मी बाजू घेतेय तिची."

"हो. दिसत होतं ते."

सासूने बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. वरचं दूध पचत नाही, सारखं ओकतो, असं ती सांगू लागली. सिस्टरने तिला आत बोलावून बसवलं आणि दूध किती वेळ उकळता, किती पातळ करता, ते विचारायला सुरुवात केली.