रेकॉर्ड तीच, टँगो भलताच

कोट शिवणाऱ्या मास्तरांनी रेकॉर्ड लावली आणि मिनिटभरात त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हे ते गाणं नव्हतंच! कव्हर तेच, कोपऱ्यावरचा बायकोच्या हातचा शाईचा डागही तोच. पण आतली व्हायोलिनं मात्र पाठीमागे कुत्रं लागल्यासारखी धावत सुटलेली.

बायको गेल्यापासून त्यांनी त्या संग्रहाला हात लावला नव्हता. मुलीनं हौसेनं प्लेअर दुरुस्त करून आणला, तेव्हा कुठे मन झालं. आणि आता ही तऱ्हा! दुसरी लावली, तिसरी लावली, सगळ्या वाद्यवृंदांना तीच घाई. याच टँगोंवर कापायचं टेबल आणि इस्त्रीची फळी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत दोघं रोज संध्याकाळी नाचायची. आज मास्तरांना पाऊल कुठे टाकावं तेच उमगेना.

मास्तर घाबरले, चांगलेच घाबरले. थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी गाणी विसरला, मग घरचा रस्ता, शेवटी माणसं. त्यात परवा यांनी एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. तेव्हापासून मुलीनं धोशा लावला होता, दुकान बंद करा आणि माझ्याकडे चला. आज ती सोक्षमोक्ष लावायलाच आली होती.

"बाबा, तोंड का असं उतरलंय?" तिनं दारातूनच विचारलं.

"अगं, ही रेकॉर्ड तुझ्या आईचीच ना? खरं सांग."

"तिचीच की. तुम्हाला ओळखू येत नाहीये?" आता तिचा चेहरा पडला.

वैतागून मास्तरांनी गाणं बंद पाडायला फिरत्या रेकॉर्डच्या कडेला बोट टेकवलं. ती बंद पडली नाही. जडावली, रेंगाळली, आणि व्हायोलिनं शहाण्यासारखी चालू लागली.

"अय्या, आईचं गाणं!" मुलगी ओरडली. लहानपणी ती त्या टेबलाखाली याच गाण्यावर झोपायची. "दुरुस्तीवाला म्हणालाच होता, तबकडी फिरवणारा पट्टा सैल झालाय, ती वर्षानुवर्षं हळू फिरत असणार. मी म्हटलं, बदलून टाका!"

डोकं शाबूत आहे याचा आनंद मानावा की काय करावं, मास्तरांना कळेना. "म्हणजे आम्ही दोघं जन्मभर चुकीचंच नाचलो?"

"ते मला काय माहीत! पण तुम्ही विसरला नाहीत, बाबा. मीच उगाच तुम्हाला वेड्यात काढत होते."

"आणि त्या बाह्या?"

"त्या चुकल्याच. उसवा आणि नीट लावा. दुकान राहू दे."

मास्तरांचं बोट थरथरायला लागलं, तसे सूर डुगडुगायला लागले. "सरका," ती म्हणाली, "बोट मी धरते."

मास्तर बाजूला झाले. सवयीनं त्यांनी डावा हात वर उचलला, उजवा पुढे नेला, एक पाऊल टाकलं. समोर कोणी नाही, हे लक्षात यायला त्यांना बराच वेळ लागला.