दहा भेगा

ईरा सबनीस पहिल्यांदा आमच्या गावात आली ती भेगांचे फोटो काढायला. मे महिना होता. पाझर तलावाचा तळ पार फुटला होता आणि ही मुंबईची चित्रकार बाई त्यात पालथी पडून एकेका भेगेत मोबाईल घालत होती. शेळ्या घेऊन आलेल्या बिभीषणने तिला हटकलं, "ताई, इंचू असत्यात त्यात."

ती उठून बसली, हात झटकले आणि म्हणाली, "मग प्यायला पाणी मिळेल का?"

बिभीषणने तिला घरी नेलं. घरात त्याची बायको सविता गोधडी शिवत बसली होती. ईरा पाण्याचा तांब्या हातात धरून तो टाका बघत राहिली. प्यायची विसरलीच.

आमचं गाव खर्ड्यापासून सात-आठ किलोमीटरवर. जमीन हलकी, पाणी कमी. दिवाळी आली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि चैत्रात परत येतं. मी इथल्या शाळेत एकवीस वर्षं शिकवलं. आता निवृत्त आहे, पण सकाळी मुलं ओट्यावर येऊन बसतात आणि मी त्यांना बसू देते. त्यामुळे कुणाला कागद वाचून हवा असला, फॉर्म भरून हवा असला, की माझ्याकडे येतात. ईरालाही माझ्याकडेच आणलं.

तिने सगळं नीट समजावून सांगितलं. मुंबईतली एक कंपनी बायकांच्या महागड्या पर्स बनवते. तिने या वर्षी ईराला सोबत घेतलं होतं. पर्स कंपनीची, चित्र ईराचं. पण ईराला रंगाने चित्र काढायचं नव्हतं. जुन्या लुगड्यांचे चार थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवायचे, मधोमध पात्याने एक भेग पाडायची, आणि त्या भेगेतून खालचा लाल थर दिसू द्यायचा. कडांचे दोरे सुटलेलेच ठेवायचे. तळ्याची जमीन फुटते तसं. तो तुकडा मुंबईला गेला की त्याला चामडं लागणार आणि आत ईराची सही.

"म्हंजी फाटकीच इकायची?" सविताने विचारलं.

"हो."

"आन घेत्यात लोकं?"

"घेतात," ईरा हसली. "रांगेत उभे राहून घेतात."

"मग आमच्या घरात लई माल हाय तुमाला," सविता म्हणाली, आणि ओट्यावर जमलेल्या सगळ्याच बायका हसल्या.

नागपंचमी झाल्यावर ईरा पुन्हा आली. दोन दिवस माझ्या ओट्यावर बसून तिने दहा तुकड्यांवर दहा भेगा पाडल्या. सविता आणि मी बघत होतो. एक भेग पाडायला तिला कधी अर्धा तास लागायचा. पातं टेकवायची, उचलायची, परत टेकवायची. तिचं काम तेवढंच होतं, आणि ते झाल्यावर ती थकलेली दिसायची. मग भेगेभोवती टाके कसे फिरत जायचे ते तिने खडूने आखून दिलं. जाताना एक कागद माझ्याकडे ठेवला. त्यावर लिहिलं होतं की भेग आहे तशीच राहावी, दोरे कापू नयेत, कड मुडपू नये. मी तो सविताला दोनदा वाचून दाखवला.

हे दहा तुकडे पसंत पडले तर पुढचे सविताला आणि गावातल्या आणखी चौघींना मिळणार होते. चैत्रापर्यंतचं काम.

चैत्रापर्यंत, हा शब्द सविताने पकडला होता. त्याला कारण धनश्री. तिची मुलगी, चौथीत. माझ्या ओट्यावर सगळ्यात आधी येणारी. भागाकारात बाकी उरली की तिला राग यायचा. "बाई, सारखं वाटलं तरी उरतंच कसं?" असं भांडायची माझ्याशी. गेल्या वर्षी सविताला बजरंग झाला. तो आता रांगत होता. सविता तोडीला गेली तर फडात त्या लेकराला धरायला धनश्रीला न्यावं लागणार. आजीकडे, बिभीषणच्या आईकडे दोघांना ठेवावं, तर रंगुबाईला दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रांगतं पोर आंधळ्या म्हातारीच्या हवाली कोण करणार? एकदा पोर फडावर गेली की वर्षाच्या शेवटी परत येते ती मागे पडलेली. दोनदा गेली की येतच नाही. अशी किती पोरं माझ्या हाताखालून गेली, ते मला माहीत आहे.

बिभीषणने मुकादम रामहरीला सांगून ठेवलं होतं, की औंदा मी एकटाच येतो. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. रामहरी म्हणाला, "अर्धा कोयता घिऊन म्या काय करू? बरं, दसऱ्यापतूर थांबतो. मग सांग."

सविताने दहाही तुकडे गणपती बसायच्या आत शिवून संपवले. मी ते पाहिले होते. भेगेभोवतीचे टाके पाण्यातल्या वर्तुळांसारखे पसरत गेले होते आणि मधे ती लाल फट. मला, खरं सांगायचं तर, ते बघवत नव्हतं. पण सुंदर होतं.

त्याच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. जामखेडच्या शिबिरात रंगुबाईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता, तिला चष्मा मिळाला. आणि बजरंगला जुलाब लागले. सविता त्याला घेऊन जामखेडच्या दवाखान्यात चार दिवस राहिली. जाताना घाईत सासूला म्हणाली, "आत्याबाई, ते गठुडं तेवढं बाईंकडं पोचवा."

रंगुबाई गावातली सगळ्यात चांगली शिवणारी. सविताला टाका शिकवला तो तिनेच. पण पाच वर्षं तिने सुई धरली नव्हती, म्हणून काम पसंत पडलं तर सून आणि नात घरी राहतील, याखेरीज ईराच्या कामातलं कुणी तिला काही सांगितलं नव्हतं. मीही नाही. ती कोपऱ्यात बसलेली असायची आणि आम्ही तिच्या डोक्यावरून बोलायचो.

चौथ्या दिवशी ती गाठोडं घेऊन माझ्याकडे आली. चष्म्याची काडी दोऱ्याने कानाला बांधलेली. "मोजून घ्या, बाई."

मी गाठोडं न सोडता वरूनच कडा मोजल्या. दहा. म्हातारीने दोन गाठी मारून बांधलेलं गाठोडं तिच्यासमोर सोडून बघणं मला बरं वाटलं नाही. मुलांच्या वहीतला एकेक काना तपासणारी मी. त्याच दुपारी ते कुरिअरने गेलं.

सहा दिवसांनी ईराचा फोन आला. तिने आधी गाठोडं मिळाल्याचं सांगितलं. मग म्हणाली, "बाई, भेगा कुठे आहेत?"

"म्हणजे?"

"दहाही मिटल्यात. मी भिंग लावून शोधते आहे. सापडत नाहीत."

मी तशीच सविताच्या घरी गेले. सविता बजरंगला पेज भरवत होती. मी सांगितलं तशी तिचा चमचा थांबला. तिने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग हळूच कोपऱ्याकडे.

"आत्याबाई, तुमी गठुडं सोडलं हुतं का?"

"सोडलं की," रंगुबाई म्हणाली. तिच्या आवाजात कौतुकाची वाट बघणं होतं. "नवा डोळा आला, म्हनलं बघावं सुनंचं काम. बघती तर समदं मधीच फाटल्यालं. लेकराच्या घोरात तुझं ध्यान न्हाई ऱ्हायलं, म्हनलं, नायतर उंदरानं कुरतडलं. फाटकं कापड कुनाच्या घरी धाडत न्हाईत, सवे. येकेक समदं मिटवलं. तीन दिस लागलं."

सविताने चमचा वाटीत ठेवला.

"टाका दिसतुय का कुठं? न्हाई दिसनार," रंगुबाई म्हणाली. "तू ऱ्हावी, पोर ऱ्हावी, म्हनून केलं."

तिला कसं सांगायचं हे सविताला कळेना. शेवटी मीच सांगितलं. मुलांना सांगते तसं, सावकाश, एकावर एक. ती भेग मुद्दाम पाडलेली होती. तेच त्या ताईंचं चित्र होतं. रंगुबाई ऐकत होती. मग तिने चष्मा काढला आणि पदराने पुसत बसली.

"फाटल्यालं शिवलं," ती म्हणाली. "चोरी केली व्हय म्या?"

"न्हाई आत्याबाई."

"मंग?"

सविताने बजरंगचं तोंड पुसलं आणि वाटी उचलून चुलीकडे नेली.

ईराने तुकडे परत पाठवले. उसवता आले तर उसवा, दहा दिवस आहेत, असं तिने कळवलं. सविता आणि मी ओट्यावर बसलो. सुईच्या टोकाने एकेक टाका उचलायचा आणि ब्लेडने कापायचा. पण रंगुबाईचा टाका मुंगीच्या पावलाएवढा, आणि लुगडं चाळीस वर्षांचं. टाका निघायचा तो कापडाचा जीव घेऊनच. पहिला तुकडा संध्याकाळपर्यंत उघडला तेव्हा तिथे भेग नव्हती, चाळण होती. दुसऱ्याचंही तेच झालं. तिसरा सविताने हातात घेतला, उजेडात धरला आणि परत घडी करून ठेवला.

"माज्यानं हुईना, बाई. त्यांनी इतकं निगुतीनं केलंय."

रंगुबाई तेवढ्यात तिथे आली. ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "आन हिकडं. म्याच घातल्यात, म्याच काढती." तिने प्रयत्न केला. पण ब्लेड टाक्यावरून दोनदा घसरून बोटापाशी आलं. धनश्रीने तिच्या हातातून ब्लेड काढून घेतलं. "राहू दे, आजे. तुला लागंल."

मी ईराला म्हटलं, तू येऊन नवीन भेगा पाड. सविता दहा नाही, वीस करून देईल. तिने खूप प्रयत्न केला असणार, कारण तिसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा तिचा आवाज बसलेला होता. कंपनीने काम दुसरीकडे दिलं होतं. तारीख ठरलेली होती, पाहुणे बोलावलेले होते. "त्यांना म्हटलं, मिटलेल्या भेगा बघा तरी, मी पाडल्या त्यापेक्षा त्या चांगल्या आहेत. ते म्हणाले, यात तुमचं काय दिसतं?" मग ती म्हणाली, "बाई, खरंच त्यात माझं काही दिसत नव्हतं."

तिने शिवणाऱ्या हातांसाठी ठरलेले पैसे पाठवले. सविताने ते घेतले. पण ती पैशाची गोष्ट नव्हती, चैत्रापर्यंतची होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रामहरी मोटरसायकलवर आला. खाली उतरलाही नाही. "काय ठरलं, बिभीषण? अर्धा का आख्खा?"

बिभीषणने सविताकडे पाहिलं.

"आख्खा," सविता म्हणाली.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. एका डोळ्याने का होईना, रंगुबाईला आता दिसतं, पोरांना इथेच ठेवा, असं म्हणायला. मी तोंड उघडायच्या आत रंगुबाईच म्हणाली, "म्या सांबाळते की दोघास्नी."

बिभीषण तिच्याकडे न बघता म्हणाला, "आई, तुला दिसतंय. पर तू काय करशील ते आमाला कसं कळावं?"

तो वाईट माणूस नाही. त्याला ते बोलायचंही नसावं. पण बोलून गेला. सविता पाठमोरी होऊन भांडी घासत राहिली. रंगुबाईने पुन्हा तो विषय काढला नाही.

दिवाळीनंतर ट्रक आला. राहुरीकडच्या कारखान्याला जाणारा. धनश्री बजरंगला कडेवर घेऊन चढली. वरून तिने मला विचारलं, "बाई, चौथीचं पुस्तक दोन्ही सत्रांचं घेऊ का एकच?" मी म्हटलं, दोन्ही घे. सविता तिच्या शेजारी बसली होती आणि पिशवीचं तोंड पुन्हा पुन्हा बांधत होती.

जानेवारीत ईराने फोनवर फोटो पाठवला. काचेच्या कपाटात ओळीने पर्स ठेवलेल्या. काळं चामडं, मधे शिवलेलं कापड, आणि त्यात लाल भेग. दुसऱ्या कुणाच्या तरी टाक्यातली. खाली तिने फक्त 'माफ करा' असं लिहिलं होतं. मी तो फोटो रंगुबाईला दाखवायला नको होता. पण ती शेजारीच बसली होती आणि आता तिला दिसत होतं.

"ही फाटल्यालीच गेली व्हय?"

"हो."

"आन घेतली लोकांनी?"

"घेतली."

तिने फोन जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला. मग मला दिला आणि म्हणाली, "टाका लांब घातलाय."

रविवारी मी धनश्रीला फोन करते. अर्धा तास ठरलेला. ती फडावरच्या पाचटाच्या कोपीबाहेर बसून वाचून दाखवते, मी चुका सांगते. सुरुवातीला अर्धा तास पुरायचा नाही. मग बजरंग चालायला लागला आणि दर दोन ओळींनी ती "थांबा हां बाई" म्हणून पळायची. मग वीस मिनिटं. मग दहा. एकदा म्हणाली, पुस्तक भिजलंय, तुम्हीच वाचा, मी ऐकते. मी वाचलं. पलीकडून हुंकार येत होता, मग येईनासा झाला.

रंगुबाई दर रविवारी येऊन ओट्यावर बसते. नातीचं वाचन ऐकते.

गेल्या रविवारी घंटा वाजून वाजून बंद झाली. मी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. रंगुबाई माझ्या हातातल्या फोनकडे बघत होती.

"लेकरू निजलं आसंल," ती म्हणाली. "त्येच्यासंगं ती बी निजली आसंल."

"असेल," मी म्हटलं.

सकाळचे अकरा वाजले होते. फडात मोळ्या बांधायची वेळ.