अँटन कुलासचा रस्ता सगळ्यांत शेवटी

सन एकोणीसशे एक्कावन्न, फेब्रुवारीची सहा तारीख, मंगळवार. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार होता, आणि त्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत विस्कॉन्सिनमधल्या त्या पोलिश खेड्यांत कुणाचं लग्न लागत नसे. उपास म्हणजे उपास. म्हणून आदल्या मंगळवारी सगळी घाई.

गेनिया कुलासचं लग्न त्या मंगळवारी सकाळी दहाला लागायचं होतं. नवरा फ्लोरियन, चर्चपलीकडच्या बटाटेवाल्यांचा मधला मुलगा. त्याला लष्कराचं बोलावणं आलं होतं. मार्चच्या पंधरा तारखेला हजर व्हायचं होतं. ईस्टर त्या साली पंचवीस मार्चला. म्हणजे आज लग्न लागलं तर लागलं, नाहीतर दोन वर्षं वाट बघायची, आणि त्या वेळी कोरियात लढाई चालू होती.

आणि सोमवारी दुपारी बर्फ पडायला लागलं ते मंगळवारी पहाटेपर्यंत थांबलंच नाही. वर वारा. सकाळी आठ वाजता गेनिया पांढरा झगा घालून, पायात वडिलांचे लोकरी मोजे चढवून स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. चर्चकडचा दोन मैलांचा रस्ता कुठे होता ते फक्त तारेच्या खांबांवरून कळत होतं.

आता गंमत अशी की काउंटीचा बर्फाचा नांगर, म्हणजे रस्त्यावरचं बर्फ सारणारा सरकारी ट्रक, चालवायचा तो तिच्या वडिलांनीच. अँटन कुलास पहाटे चारला लग्नाचा सूट अंगात घालून, त्यावर कामाचे जाड कपडे चढवून बाहेर पडला होता. पण कोणता रस्ता आधी आणि कोणता मागून याचा क्रम ठरलेला होता. आधी मोठा रस्ता, मग दुधाच्या गाड्यांचे आणि शाळेचे, मग टपालाचे, मग उरलेले. आणि सगळ्यांत शेवटी अँटन कुलासचा स्वतःचा. हे शेवटचं कलम काउंटीचं नव्हतं, त्याचं होतं. त्याच्या आधीचा नांगरवाला पहिल्यांदा आपल्याच दारातलं बर्फ काढायचा, आणि लोकांनी त्याला तोंड वर काढू दिलं नव्हतं. "कुलासकडं कुणी बोट दाखवणार नाही," असं अँटन म्हणायचा. चार वर्षं त्याचं दार सगळ्या मुलखात शेवटी उघडत होतं.

"घोडे असते तर स्लेजमधून एव्हाना पोचलो असतो," गेनियाची आई वेरोनिका म्हणाली. "पण घोडे विकले. का? तर घरात काउंटीचा ट्रक आहे. कुठंय ट्रक? दुसऱ्यांच्या दारात."

"बाबा येतील गं, आई. फादर बारापर्यंत थांबणार आहेत."

"बारावर एक मिनिट झालं तर तो म्हातारा मेणबत्त्या विझवतो. मला सांगू नकोस."

तेवढ्यात टेलिफोन वाजला. वाजला म्हणजे दुसऱ्यांसाठी वाजला. तार एकच, घरं नऊ. दोन लांब, एक आखूड घंटा म्हणजे मार्थामावशींचं घर. गेनियाने तरी उचलला. सगळेच उचलायचे.

"अगं मार्था," पलीकडून हेलेनाकाकू सांगत होत्या, "आत्ता गेला अँटन आमच्याकडनं. पाच पोंच्की खाल्ली. आणि त्याच्याबरोबरचा तो बोलेक, त्यानं नऊ. मी मोजली."

"माझी आत्ता कढईत आहेत," मार्थामावशी म्हणाल्या. "आत आलुबुखाराचा मुरांबा घातलाय. येऊ दे, गरमागरम देते."

पोंच्की म्हणजे आत मुरांबा भरून तळलेले गोड गोळे. ती त्या मंगळवारी घरोघरी तळायची रीत, कारण घरातली चरबी, अंडी, साखर उपासाच्या आधी संपवायची. आणि नांगरवाल्याने दार मोकळं करून दिलं की त्याला आत बोलावून खाऊ घातल्याशिवाय सोडायचं नाही, ही दुसरी रीत. नाही म्हटलं तर घरधनिणीचा अपमान. एरवी कॉफीवर भागायचं. आज अख्खा मुलूख तिच्या वडिलांना प्रेमाने अडवून ठेवत होता, आणि बोलेकसारखा खादाड मदतनीस त्यांच्याबरोबर होता.

वेरोनिकाने लेकीच्या हातातून फोन ओढून घेतला.

"ऐका," ती म्हणाली. "सगळ्या ऐकताय, मला माहितीय. हेलेना, तुझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू येतेय. माझी पोरगी नवरीचा झगा घालून, बापाचे मोजे घालून उभी आहे. आणि तुम्ही तिच्या बापाला मेजवान्या देताय."

मग मार्थामावशी म्हणाल्या, "अगं पण आजच्या दिवशी माणसाला उपाशी कसं सोडायचं? पाप लागेल."

"उपाशी? चौदा संपवली दोघांनी एकाच घरात."

"चालत्या ट्रकमध्ये द्या की," तिसरीच कुणीतरी म्हणाली. "गवत उचलायच्या लांब काट्याला टोचून वर करायची."

आणि तसंच झालं. त्या सकाळी पाच घरांच्या बायका फाटकापाशी गवताचे काटे घेऊन उभ्या राहिल्या, आणि बोलेकने खिडकीतून हात काढून पोंच्की टिपली. वेळ वाचला. पण आधी गेलेला वेळ परत कुठून आणायचा? अकराला पंधरा मिनिटं कमी होती तेव्हा मार्थामावशींनी कळवलं की नांगर चौफुलीकडे निघालाय. चौफुलीपासून डावीकडे कुलासांचा रस्ता, उजवीकडे हिपोलिटचा. आणि क्रमाने आधी हिपोलिट.

हिपोलिट हा एकटा राहणारा सत्तरीतला शेतकरी. त्याचा रस्ता वळशाचा, तीन मैल, मधे चढ, आणि त्या रस्त्यावर त्याच्याशिवाय दुसरं चिटपाखरू राहत नव्हतं. तिथे गेला तर अँटन साडेबारापर्यंत सुटत नाही. गेनियाने स्वतःच फोनचं हँडल फिरवून त्याच्याकडे घंटा वाजवली.

"हिपोलिटकाका, तुम्हाला आज रस्ता हवाय का?"

"मला? मला ईस्टरपर्यंत नको. पीठ आहे, कोबी आहे, रेडिओ आहे. तुझ्या लग्नाला मी शेतातून चालत येणार होतो, तिकडून चौफुली अर्धा मैलच पडते. आता निघायलाच हवं."

"मग बाबांना सांगा ना."

"पोरी, तीन वर्षांमागं सांगितलं होतं. नको म्हणालो, तर त्यानं रस्ता केलाच, वर माझी टपालाची पेटी पाडली. तुझ्या बापाला सांगणं आणि माझ्या बैलाला सांगणं सारखंच. बैल निदान मान हलवतो."

गेनिया भिंतीला टेकली. सांगून ऐकणार नाहीत. नियमापुढे ते कुणाचंच ऐकत नाहीत. मग नियमापेक्षा मोठं काय आहे, जे बाबा मोडणार नाहीत?

"काका," ती म्हणाली, "घरात दोर आहे?"

"आहे. का?"

"चौफुलीवर ब्रामा घाला."

ब्रामा म्हणजे वेस. लग्नाच्या दिवशी गावकऱ्यांनी वाटेत दोर किंवा वासा आडवा धरायचा, नवरानवरीला थांबवायचं, आणि मागतील ते घेतल्याशिवाय सोडायचं नाही. बहुधा बाटलीवर भागतं. पण मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, आणि दोर ओलांडून जाणाऱ्याच्या पंगतीला कुणी बसत नाही.

"ब्रामा नवरीला घालतात. नवरीच्या बापाला घातल्याचं मी ऐकलं नाही," हिपोलिट म्हणाला.

"नाही घालायचा असंही कुणी ऐकलं नाही," तारेवरून हेलेनाकाकू म्हणाल्या. "मार्था, बाहेर पड. तुझी ती लाल शाल आण. मी आलेच."

मार्थामावशी काही बाहेर पडल्या नाहीत. त्यांचं स्वयंपाकघर चौफुलीसमोर होतं, आणि कुणीतरी खिडकीतून बघून सांगायला नको का? शाल त्यांनी नवऱ्याच्या हातात दिली आणि फोन धरला. नऊ घरांनी कान लावले.

"हिपोलिट आला. घामाघूम झालाय. दोर बांधला खांबाला, दुसरं टोक हेलेनाच्या हातात. शाल लावली. आला, अँटन आला. थांबला. उतरला नाही. काहीतरी ओरडतोय."

"काय ओरडतोय?" वेरोनिकाने विचारलं.

"काच बंद आहे गं, कसं कळणार? तोंडावरून, 'बाजूला व्हा' असं असेल. हिपोलिट नाही म्हणतोय. आता खाली उतरला. हात हलवतोय. थांबा, मी दार उघडते."

दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग लांबून, वाऱ्यातून, गेनियाला वडिलांचा आवाज ऐकू आला.

"मी कामावर आहे. बाटली नाही माझ्याकडं. हा काउंटीचा ट्रक आहे."

"बाटली कोण मागतंय?" हिपोलिटचा आवाज. "ब्रामाची मागणी, डावीकडं वळायचं."

"माझा रस्ता शेवटी."

"मग ओलांड दोर. आम्ही बघतो. दुपारी जेवायला तू आणि तुझा क्रम, दोघंच बसा."

गेनियाने घड्याळाकडे बघितलं नाही. आई बघत होती तेवढं पुरे होतं.

"बोलेक उतरला," मार्थामावशी म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना. "दोराखालून वाकून अलीकडं आला. आता तो हिपोलिटच्या बाजूला उभा राहून दोर धरतोय. अँटन त्याच्याकडं बघतोय. टोपी काढली. डोकं खाजवलं. घातली टोपी. चढला वर."

"आणि?"

"वळला. वेरोनिका, डावीकडं वळला गं."

वेरोनिकाने फोन तसाच लोंबकळत सोडला आणि गाडी सुरू करायला पळाली.

नांगर दारात आला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. अँटन लेकीकडे बघून म्हणाला, "हे तुझं डोकं."

"हो, बाबा."

"हिपोलिटचा रस्ता राहिलाय."

"त्याला तो नकोय."

"हवा-नकोचा प्रश्न नाही," अँटन म्हणाला, पण बोलता बोलता त्याने तिच्या झग्याची कड बर्फातून उचलून धरली होती.

पुढे नांगर, मागे जुनी मोटार, चालवायला वेरोनिका. गेनियाने ट्रकमध्येच बसवा म्हणून बघितलं, पण काउंटीच्या ट्रकमध्ये बाहेरचा माणूस बसवायचा नाही असाही एक नियम होता. चर्चच्या चढावर नुसतं काचेसारखं बर्फ. तिथे बोलेक ट्रकच्या मागच्या बाजूला उभा राहून फावड्याने वाळू उडवत होता, अक्षता टाकाव्या तशी नवरीच्या गाडीवर, आणि वेरोनिका आतून त्याला शिव्या देत होती. बाराला नऊ मिनिटं कमी असताना गेनिया चर्चच्या दारात उतरली. फ्लोरियन पायरीवर उभा होता, हातात फावडं, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. सकाळपासून त्याने एकट्याने पायऱ्या तीन वेळा साफ केल्या होत्या.

"मोजे," तो म्हणाला.

गेनियाने खाली बघितलं. आता बदलायला वेळ नव्हता. ती तशीच आत गेली, वडिलांच्या हाताला धरून.

लग्न लागलं. दुपारी जेवणाची पानं मांडली तेव्हा अँटन जागेवर नव्हता. सूटवर पुन्हा कामाचे कपडे चढवून तो हिपोलिटचा रस्ता करायला गेला होता. हिपोलिट स्वतः पंगतीत बदकाच्या रस्स्याची दुसरी वाटी घेत होता. या खेपेला टपालाची पेटी शाबूत राहिली.

फ्लोरियन पंधरा मार्चला लष्करात गेला. त्याला कोरियाला नाही, अलास्काला धाडलं, आणि सासऱ्याचं नाव ऐकून की काय कोण जाणे, दोन वर्षं विमानतळावरचं बर्फ काढायला लावलं. तो परतला, बापाची बटाट्याची जमीन सांभाळली, चार मुलं झाली. एकोणीसशे अठ्ठ्याण्णवात गेला.

अँटनने आणखी तेरा वर्षं नांगर चालवला आणि त्यानंतर एकदाही क्रम मोडला नाही. एका जुलैत, गवत घरात येऊन पडल्यावर, झोपेत गेला. बोलेकने चर्चच्या स्वयंपाकघरात काम धरलं, आणि तिथे तो अतिशय सुखी होता. हेलेनाकाकू मुलीकडे मिलवॉकीला गेल्या; मार्थामावशी खिडकीपाशीच राहिल्या, नव्वदीपर्यंत. प्रत्येक घराला वेगळी तार आली तेव्हा वेरोनिका महिनाभर रुसली होती, की आता एका वेळी एकीलाच रागावता येतं. हिपोलिटने वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी चर्चच्या ऑर्गनवालीशी लग्न केलं, जूनमध्ये, कोरड्या रस्त्याने.

गेनिया अजून त्याच घरात आहे. सकाळी कॉफी घेताना ती खिडकीशी बसते, आणि नव्या नांगरवाल्या मुलीला हात करते.