खंडेनवमीला पुजलेली तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. आज गास गावच्या एका वाडीत चिकूच्या फांदीला टांगलेली आहे. माझी चकाकी पाहून पाखरे बिचकतात. बिचकू देत. चकाकणाऱ्या वस्तूवर भरवसा ठेवू नये, हे माणसांपेक्षा पाखरांना लवकर कळते.

१९९९ साली संगणकाच्या पोटात बसून मी माणिकपूरला जयवंतीबाईंच्या घरी आले. त्या घरीच वधूवर सूचक मंडळ चालवत. मुलामुलींची नावे, शिक्षण, पत्रिका, सारे माझ्यात साठवले जाई. "बाईंचा संगणक म्हणजे चित्रगुप्ताची वही!" असे लोक म्हणत आणि मी फुगून जाई. बाईंचा मात्र कोणावरच विश्वास नव्हता. प्रत्येक स्थळाचे 'खरे काय ते' त्या 'खाजगी' नावाच्या फाइलीत लिहून ठेवत.

एकदा आगाशीच्या सावित्रीबाई आल्या. दार लोटून हळूच म्हणाल्या, "जयवंतीताई, आमच्या उन्नतीला लहानपणी फिट यायच्या. बारा वर्षांची झाल्यापासून एकदाही नाही. मुलाला ती स्वतः सांगेल. तुमच्याजवळच ठेवा."

"माझ्या पोटातलं ओठांवर येत नाही हो," बाई म्हणाल्या.

ते खरेच होते. ओठांवर आले नाही, त्याच दुपारी माझ्यावर आले.

२००४ च्या दसऱ्याला बाईंनी नवा संगणक घेतला आणि जुना विकायचे ठरवले. त्यांनी ती फाइल डिलीट केली, रीसायकल बिन रिकामा केला. नवा संगणक जोडायला आलेला आलोशियस मान हलवत म्हणाला, "बाय, एवढ्यानं काय पुसलं जात नाय. यादीतलं नाव तेवढं जातं, मजकूर आत ऱ्हातो. डिस्क काढून फोडा, बाकीचं विका."

"काल खंडेनवमीला हळदकुंकू वाहिलंय तिला! पुजलेली वस्तू फोडू? आणि तुझा डाव काय रे, नवी डिस्क माझ्या गळ्यात मारायचा?"

साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या बाईंनी विश्वास ठेवला, तो नेमका माझ्यावर.

मला नालासोपाऱ्याच्या दिनानाथने घेतले. तो लग्नपत्रिका छापायचा. एकदा त्याचे नमुने चुकून डिलीट झाले. ते परत मिळवायला त्याने कुठूनशी एक सीडी आणून लावली. नमुन्यांबरोबर बाईंची फाइलही वर आली. त्याच आठवड्यात गासच्या देवेशची आणि उन्नतीची पत्रिका छापायला आली होती. दिनानाथने उन्नतीचे नाव ओळखले, तिच्याबद्दलचे पान छापले आणि देवेशच्या वडिलांच्या हातात ठेवले. "काका, मला काय करायचंय, पण तुम्हाला माहीत असलेलं बरं." मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी देवेश आणि उन्नती दुकानात आले. मागून, बातमी कळताच, जयवंतीबाई आलोशियसला घेऊन धावत आल्या.

"मला तिनं पहिल्याच भेटीत सांगितलंय," देवेश दिनानाथला म्हणाला. "पत्रिका छापा."

उन्नती बाईंकडे वळली. "मावशी, गोष्ट माझी होती. कुणाला सांगायची ते मी ठरवणार होते."

बाईंनी आलोशियसला खूण केली. आलोशियसने मला उघडून तबकडी बाहेर काढली. बाईंनी आधी हात जोडले, मग हातोडी उचलली. ती पोचे आलेली तबकडी देवेशने वाडीत आणून टांगली.

लग्न झाले. पण ते पान वाचलेल्या सासूबाई उन्नतीला विहिरीवर एकटीला सोडत नाहीत. परवा तिच्या हातून कळशी निसटली, तशा त्या धावल्या. "काय होतंय गं?"

"काही नाही आई, हात ओला होता."

तरी सासूबाई तिच्या डोळ्यांत बघत उभ्या राहिल्या.

मित्रांनो, माझ्यातले सारे हातोडीने पुसले गेले. सासूबाईंच्या मनातले पुसायला कोणती हातोडी आणायची? म्हणून सांगते, जुनी डिस्क कोणाला देऊ नका. हवे तर पुजा, हात जोडा, पण फोडा. आणि दुसऱ्याचे गुपित मुळात लिहूच नका.

आता उन्नती भरलेली कळशी घेऊन माझ्याखालून चालली आहे. चार पावले मागे सासूबाई आहेत.