वाघिणीकडे पाठ

सकाळी साडेनऊला, बुटा गावाच्या अलीकडच्या चढावर, कापसाच्या मालगाडीच्या शेवटच्या वाघिणीला, म्हणजे उघड्या मालडब्याला, आग लागली.

इंजिन लाकडांवर चालणारं. चढ लागला की ते ठिणग्या ओकायचंच. म्हणून तर शेवटच्या वाघिणीच्या कठड्यावर ओल्या फांद्या आणि पाण्याची बादली घेऊन एम्बोलिफुए बसायचा. आजवर त्याने कापसाची एक गाठ जळू दिली नव्हती. आज मात्र तो वाघिणीकडे पाठ करून बसला होता.

गाठींच्या मधल्या जागेत त्याची सासू झोपली होती. पाय सुजलेला, दवाखान्यात न्यायची, आणि आडवं व्हायला गाडीत दुसरी जागा नव्हती. बायको नागिते तान्हीला घेऊन पुढच्या डब्यात. त्यांच्या झांदे जमातीत जावई सासूच्या तोंडासमोर येत नाही. वाटेत दिसली तर गवतात शिरतो. जागा बदलून मागावी, तर गोऱ्या साहेबाला कारण सांगावं लागणार. मागे एकाने सांगितलं, तर साहेबाने त्याची फलाटभर टिंगल केली होती. एम्बोलिफुएने जागा मागितलीच नाही. इंजिनात लाकडं टाकणाऱ्या टुंगबाने मात्र निघताना टोमणा मारलाच, "जावईबापू, आज डोळे पाठीला लावलेत वाटतं."

धुराचा वास त्याला आला होता. इंजिनाचाच असेल, असं त्याने धरलं. मग म्हातारी ओरडली. तेव्हाही वळायला त्याला वेळ लागला. वळला, तोवर तिच्या कमरेच्या कापडाने पेट घेतला होता. त्याने ते ओढून काढलं, बादली ओतली, गाडी थांबताच तिला उचलून गवतात ठेवलं. उघड्या अंगाने पडलेल्या तिने दोन्ही हातांनी झाकलं ते फक्त तोंड.

दुपारी दवाखान्याच्या भिंतीमागे तो उभा होता. नागिते बाहेर आली. मांडी भाजली होती. जगेल की नाही, ते कुणी सांगत नव्हतं.

"काही बोलली?"

"म्हणाली, त्याला सांग, मला जळू द्यायचं होतंस."

"तिला सांग, मी काही पाहिलं नाही," तो म्हणाला.

"खरंच आहे," नागिते म्हणाली. "पाहिलं असतंस तर ती पेटलीच नसती."

संध्याकाळी गाडी परत निघाली तेव्हा शेवटच्या वाघिणीवर दुसराच माणूस होता. एम्बोलिफुएने माफीची म्हणून पाठवलेली कोंबडी सासूच्या खाटेखाली तशीच होती. म्हातारीने तोंड भिंतीकडे केलं होतं. भिंतीपलीकडे, तिच्याकडे पाठ करून, तो अजून उभा होता.