ब्रेक सोडताना

टॉवर क्रेन चालवणाऱ्या ताईचं त्या दुपारी कामात चित्त नव्हतं. सोमवारपासून साइट बंद पडणार, अशी कुजबुज जेवणाच्या सुट्टीत कानावर आली होती. नवरा दोन महिन्यांपासून घरी बसून, धाकटीचा खोकला हटता हटत नाही, आणि आता हे. वीस मजले उंचावरच्या केबिनमध्ये ती एकटी, डोक्यात विचारांचं मोहोळ उठलेलं. त्या नादात वाऱ्याचा वेग दाखवणाऱ्या काट्याकडे बघायचंच राहिलं.

केबिनमधला धोक्याचा भोंगा केकाटला तेव्हा तिच्या काळजाचं पाणी झालं. समोरून धुळीचा लोट येत होता आणि हुकाला टांगलेला सळ्यांचा भारा हेलकावे खात होता.

वॉकीटॉकी खरखरली. खालून इशारे देणारे काका होते. हे काम तिला त्यांनीच शिकवलं होतं.

"काटा किती दाखवतोय?"

"काका, मला काही झालं तर पोरींचं काय हो?"

"ते मग बघू. काटा किती?"

"चौपन्न."

"मग अजून आपल्या हातात आहे. माणसं बाजूला केलीत. भारा माझ्या डाव्या अंगाला आण. सावकाश. झोका थांबल्याशिवाय खाली सोडू नकोस."

ती भारा सावकाश डावीकडे वळवू लागली. एकदा झोका थांबतोय म्हणेपर्यंत वाऱ्याचा दुसरा झोत आला. शेवटी भारा टेकला. काकांनी हुक सोडवून घेतला, तिने तो वर ओढला.

"आता फिरण्याचा ब्रेक सोड."

तिचा हात हलेना. "सोडला तर क्रेन गरगर फिरेल!"

"फिरू दे. अडवलीस तर सगळा वारा अंगावर घेईल. मोकळी सोडलीस की आपली आपण वाऱ्याला पाठ देऊन उभी राहील. शिकवलंय ना?"

"शिकवलंय! पण तुम्ही खाली आहात!"

"खाली आहे म्हणूनच सांगतोय. तू एका खिडकीतून बघतेयस, पोरी. मला अख्खी क्रेन दिसतेय. ताठ उभी आहे."

तिने ब्रेक सोडला. केबिन कण्हत वळली. छपरं, रस्ता, पाण्याच्या टाक्या काचेवरून सरकत गेल्या. मग फिरणं मंदावलं. केबिन हलत होती, पण आता झुंजत नव्हती. काका दर पाच मिनिटांनी आकडा विचारत. अडुसष्ट. एकाहत्तर. चौसष्ट. मध्येच म्हणाले, "पाणी पी." वारा ओसरायला दीड तास गेला.

ती शिडीवरून खाली उतरली. काकांचा चेहरा तिच्याहून पांढराफटक.

"तुम्हीही घाबरला होतात?"

"पाचावर धारण बसली होती माझी! बरंय, वॉकीटॉकीवर तोंड दिसत नाही."

ती हसली आणि हसता हसता रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आणि सोमवारचं?"

"मला माहीत नाही. बोलणाऱ्यांनाही माहीत नसावं. उद्या दोघं जाऊन इंजिनिअरला विचारू."

तिने घरी फोन लावला. धाकटीला डॉक्टरकडे आणलंय, नंबर यायचाय, नवरा म्हणाला. "मी तिकडेच येते," ती म्हणाली. निघण्याआधी तिने क्रेनची नोंदवही मागून घेतली, वाऱ्याचे आकडे लिहिले. जरा थांबली. मग खाली लिहिलं, 'काटा बघायला उशीर झाला, चूक माझी', आणि सही केली.